"टीसीपी आहे ना, मग डेटा खराब येऊच शकत नाही" म्हणे

परत तोच मेसेज. ह्यावेळी मामेभावाकडून आला, आणि त्याच्याकडे कसा, तर त्याच्या टीम लीडने तो तक्रारीच्या तिकिटात चिकटवून 'ॲपचा बग' म्हणून तिकीट बंद करून टाकलं. पोराच्या सर्व्हिसला दुसऱ्या मशीनकडून येणाऱ्या डेटात मधूनच एखादं अक्षर बदललेलं दिसतंय, कोड त्याने उभाआडवा तपासलाय, आणि उत्तर काय तर फॉरवर्ड!

मेसेजचं म्हणणं थोडक्यात: टीसीपीत (मशीनमशीनमधला डेटा पॅकेटांमधून पोचवायची पद्धत) चेकसम (डेटा बिघडला का ते बघायला सोबत पाठवलेली बेरीज) असतो, त्यामुळे खराब पॅकेट ड्रायव्हरमधून (नेटवर्क कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ॲपपर्यंत पोचणं अशक्य. टीसीपीडंपने (पॅकेट पकडून दाखवणारी कमांड) चेकसम 'इनकरेक्ट' दाखवला तर कार्ड गेलं. पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का ते बघणारी कमांड) नीट तर नेटवर्क नीट. आणि तरीही शंका असेल तर सगळे ऑफलोड (चेकसमसारखी कार्डावर ढकललेली कामं) बंद करा, विषय संपला.

आधी ते "अशक्य" बघू, कारण नुकसान त्यानेच होतं. चेकसम असतो, मान्य, पण तो तपासतं कोण? बहुतेक मशीनवर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तपासतच नाही, नेटवर्क कार्ड तपासतं, ड्रायव्हर त्या पॅकेटवर 'तपासलंय, बरोबर आहे' असा शिक्का मारतो आणि कर्नल त्या शिक्क्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. शिक्का चुकीचा पडला की खेळ खल्लास, पुढे कोणी विचारत नाही.

आणि हे मी कल्पनेतून सांगत नाहीये. लिनक्सच्या व्हीइथ ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कंटेनरला (एकाच मशीनवर वेगळं कप्पाबंद चालवलेलं ॲप) नेटवर्क जोडायला जो वापरतात त्यात, नेमकं हेच होत होतं. खऱ्या कार्डाला चेकसम चुकलेला दिसला की त्याचा ड्रायव्हर पॅकेटवर 'तपासलेलं नाही' अशी खूण ठेवायचा, अपेक्षा ही की पुढे कर्नल स्वतः बेरीज करून ते फेकून देईल. पण तेच पॅकेट व्हीइथमधून कंटेनरकडे जाताना व्हीइथ ती खूण पुसून 'तपासायची गरज नाही' लिहायचा! म्हणजे खराब म्हणून ओळखलेलं पॅकेट चांगलं ठरून थेट ॲपच्या हातात. २०१५ मध्ये ट्विटरमध्ये हार्डवेअर बिघडलं तेव्हा हे उघडकीला आलं, तिथेही आधी ॲपमध्ये 'असं होऊच शकत नाही' छाप एरर दिसत होते. दुरुस्ती काय होती, तर त्या खुणेला हात लावणाऱ्या ओळी काढून टाकणं, आणि ती कर्नल ४.४ मध्ये आली. मेसेज लिहिणाऱ्याने एवढं एक प्रकरण जरी वाचलं असतं तरी 'अशक्य' हा शब्द टाइप करताना हात थांबला असता.

बरं, शिक्का बरोबर असला तरी चेकसम म्हणजे नुसती १६ बिटांची बेरीज. १२३४ आणि ५६७८ हे १६ बिटांचे दोन तुकडे जागा बदलून आले तरी बेरीज तीच. "मग इथरनेटचा सीआरसी (तारेवरची वेगळी तपासणी) आहे की", तर तो एका लिंकपुरता असतो, राउटर पॅकेट पुढे पाठवताना नवीन लावतो, आणि मधे त्याच्या मेमरीत डेटा बिघडला तर बिघडलेल्या डेटावर अगदी बरोबर सीआरसी लागतो. २००० सालच्या सिगकॉम ह्या नेटवर्किंगच्या परिषदेत ह्यावर पेपर आहे, खऱ्या ट्रॅफिकमध्ये दर १,१०० ते ३२,००० पॅकेटांमागे एक टीसीपी चेकसममध्ये नापास होत होतं, आणि हे सीआरसीची चाळणी लावलेल्या लिंकवर.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल. टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) असेल तर खराब डेटा गुपचूप आत येत नाही, 'बॅड रेकॉर्ड मॅक' म्हणत कनेक्शनच तुटतं. पण आतल्या सर्व्हिसेस, कॅशे, डेटाबेस कितीतरी ठिकाणी साध्या टीसीपीवरच बोलतात, आणि आयपीव्ही४ वर यूडीपीचा (टीसीपीचा हलका भाऊ) चेकसम तर शून्य ठेवून बंदच करता येतो.

टीसीपीडंपचं पटकन. पाठवणाऱ्या मशीनवर कॅप्चर घेतलं तर पॅकेट कार्डाकडे जायच्या आधी पकडलं जातं, चेकसम कार्ड नंतर भरणार असतं, त्यामुळे 'इनकरेक्ट' दिसणारच. ह्यावरून धडधाकट कार्डं बदलणारे लोक आहेत, काय बोलणार. बाहेरून आलेल्या पॅकेटवर तसं दिसलं तर मात्र लक्ष द्या (एकाच मशीनवरचे दोन कंटेनर आपसात बोलत असतील तर तेही सोडा).

पिंग? ५६ बाइटचा डेटा पाठवून १,५०० बाइटच्या पॅकेटची ग्वाही देणार? त्याच पिंगला मोठा साइज आणि ठरावीक पॅटर्न देता येतो आणि परत आलेला बाइट चुकला तर तो तसं ओरडून सांगतो, ते वापरा.

ऑफलोड बंद करणं तपासणीसाठी चांगलं आहे, औषध म्हणून नाही. एथटूलने (कार्डाच्या सेटिंग बदलायची कमांड) रिसीव्ह चेकसम ऑफलोड बंद केला, ॲपमधला घोळ थांबला आणि एनस्टॅटमध्ये (कर्नलचे नेटवर्कचे आकडे दाखवणारी कमांड) टीसीपीच्या चेकसम एररचा आकडा चढायला लागला, तर खराब पॅकेट अजून येतायत, फक्त आता कर्नल ती फेकतोय. बिघडलेली वस्तू तशीच आहे, आणि रीट्रान्समिटचा, म्हणजे पॅकेट परत पाठवण्याचा, भार वेगळा.

मामेभावाला मी सांगितलंय की आधी ओळखीची फाइल पाठव आणि दोन्हीकडचे बाइट लावून बघ. मोठ्या 'ए'चा छोटा 'ए' झालाय, हेक्समध्ये ४१ चं ६१, म्हणजे एकच बिट उलटलाय? असा बदल टीसीपी चेकसम हमखास पकडतो. तरी तो आत आला तर चेकसम कोणी तपासलाच नाही, किंवा तपासल्यानंतर डेटा बदलला, किंवा पाठवणाऱ्याकडे चेकसम लागायच्या आधीच तो बदललेला होता. बिटाऐवजी दुसऱ्याच पॅकेटचा तुकडा मधे घुसलेला दिसला तर ड्रायव्हर बफर रिकामा व्हायच्या आत परत वापरतोय का ते बघायचं. आणि बदल दरवेळी ६४ किंवा ४,०९६ बाइटच्या पटीतल्या जागेवर (मेमरीचं काम ह्याच आकाराच्या तुकड्यांत चालतं) सुरू होत असेल तर डीएमए (कार्डाने थेट मेमरीत डेटा लिहिणं) आणि मेमरीकडे वळायचं, ॲपचा कोड तिसऱ्यांदा वाचत बसायचं नाही.