मुलाखतीची जपानी म्हणजे चिनी नव्हे

जपानी कंपन्यांच्या मुलाखतींची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये एक संदेश सारखा फिरत असतो. त्याचा मतितार्थ असा: जपानी चिनीतूनच निघाली, मुलाखतीत लागणारे शब्द सगळे चीनमधून आलेले, दोन्हीकडे अर्थ एकच, तेव्हा कांजींचे, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांचे, अर्थ पाठ करा, मुलाखत निघून जाईल. मी जपानी शिकवते. यावर विसंबून महिनोन् महिने नुसते तक्ते घोकणारी मुले पाहिली की जीव तुटतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

'जपानी चिनीतून निघाली.' साफ चूक. कन्नडमध्ये संस्कृत शब्द भरपूर आहेत, म्हणून कन्नड काही संस्कृतची लेक होत नाही. इथेही तसेच आहे. जपानने चीनकडून लिपी घेतली, शब्द घेतले, काही कोरियाच्या वाटेने, पण भाषेचा सांगाडा स्वतःचाच ठेवला. 'मी जपानी शिकतो' हे चिनीत 'वो श्वे रि-यू', म्हणजे शब्दशः 'मी शिकतो जपानी'. जपानीत 'निहोंगो ओ बेन्क्योओ शिमासु': कर्म आधी, त्याला प्रत्यय, क्रियापद शेवटी. मराठी माणसाला ही रचना चिनीपेक्षा कितीतरी जवळची वाटते. 'पुण्याहून' मधला 'हून' जसा नामामागे येतो, तसाच 'पुने कारा' मधला 'कारा'.

'मुलाखतीचे शब्द सगळे चीनमधून आले.' इथे अर्धे सत्य आहे, आणि तेच जास्त फसवते. जपानी शब्दकोशातले जवळजवळ निम्मे शब्द चिनी धातूंचे आहेत, हे खरे. पण धातू चिनी असला म्हणजे शब्द चीनमध्ये घडला असे नाही. मुलाखतीला जपानीत 'मेन्सेत्सु' म्हणतात, चिनीत 'मिएन-श'. 'समोरासमोर' दाखवणारे पहिले अक्षर तेच, पुढचे वेगळे. कंपनी जपानीत 'काइशा', चिनीत 'कुंग-स'. जादा वेळचे काम इकडे 'झांग्योओ', तिकडे 'च्या-पान'. 'जिको-शोओकाइ', म्हणजे स्वतःची ओळख करून देणे, यातल्या 'शोओकाइ'ची दोन्ही अक्षरे चिनीत आहेत, पण क्रम उलटा: 'च्ये-शाओ'.

शिवाय कितीतरी शब्दांचा प्रवास उलट्या दिशेने झाला आहे. 1868 नंतरच्या मेइजी काळात पाश्चात्त्य कल्पनांसाठी जपानी विद्वानांनी चिनी अक्षरे जोडून नवे शब्द बनवले, आपण संस्कृत धातूंपासून पारिभाषिक शब्द घडवले तसेच. निशी आमाने यांनी तत्त्वज्ञानासाठी 'तेत्सुगाकु' रूढ केला. 1896 मध्ये चीनमधून 13 विद्यार्थी जपानला गेले, पुढे ती रीघच लागली, आणि असे शब्द चीनमध्ये पोहोचले. टेलिफोनचा 'देन्वा' तिकडे 'तिएन-ह्वा' झाला.

उच्चारांतही मोठी गंमत आहे. 'तेत्सुगाकु'चे चिनी रूप 'च-श्वे'. त्यातल्या 'गाकु'चा 'क' तांग घराण्याच्या काळातल्या (सातवे ते दहावे शतक) चिनीत होता. पेइचिंगच्या बोलीत तो गळाला, जपानीने जपला. दक्षिण चीनमधल्या कँटनीजमध्येही त्या अक्षराचा उच्चार 'होक' असा आहे. म्हणजे आजची चिनी ऐकून जपानी उच्चार ओळखता येतील, ही आशा सोडा.

'अर्थ दोन्हीकडे एकच.' 'शिक्षा' हा शब्द हिंदीत आणि मराठीत काय सांगतो ते आठवा. 'बेन्क्योओ' म्हणजे जपानीत अभ्यास; तीच अक्षरे चिनीत 'मिएन-छियांग', म्हणजे नाइलाजाने, ओढूनताणून. मुलाखतीत 'केन्तोओ शिमासु' म्हटले, तर 'विचार करून पाहतो'. चीनमध्ये तीच अक्षरे प्रामुख्याने स्वतःच्या चुकांची कबुली देण्यासाठी वापरतात.

राहिला पाठांतराचा सल्ला, आणि माझा खरा आक्षेप त्यालाच आहे. जाहिरात किंवा अर्ज वाचताना कांजी खूप मदत करते, चिनी येणाऱ्याला तर नक्कीच. पण मुलाखत तोंडी असते, आणि तिथे आपली पारख होते ती आदरार्थी भाषेवर. 'कुलकर्णी तो मोओशिमासु' (माझे नाव कुलकर्णी), 'पुने कारा माइरिमाशिता' (पुण्याहून आलो), 'योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु' (लोभ असू द्यावा, ही विनंती): यांतली 'मोओशिमासु', 'माइरिमाशिता', 'इताशिमासु' ही नम्रतेची क्रियापदे अस्सल जपानी आहेत, चिनी धातूंची नाहीत. 'आपली कंपनी', म्हणजे समोरच्याची, हे बोलताना 'ओन्शा', लिहिताना 'किशा'. बोलताना 'किशा' टाळतात, कारण पत्रकार आणि आगगाडी यांचाही उच्चार 'किशा'च. (आगगाडीच्या त्याच अक्षरांचा चिनीत अर्थ मोटारगाडी!) आणि 'ओन्शा'तला 'ओन' मूळचा जपानी, 'शा' चिनी. एवढ्याशा शब्दात दोन वंश नांदतात. तक्त्यात तो कोणत्या रकान्यात घालणार?

म्हणून माझ्या वर्गात तक्त्याआधी दार येते. दोनदा टकटक नाही, तीनदा. आतून 'दोओझो' (या) आले की 'शित्सुरेइ शिमासु' (व्यत्ययाबद्दल माफ करा) म्हणून आत शिरायचे, बसायला सांगेपर्यंत खुर्चीशेजारी उभे राहायचे. हे एवढे न अडखळता जमेपर्यंत पुन्हा बाहेर जायचे आणि पुन्हा आत यायचे.