बाटलीत काय आहे ते आधी सांगा ना!

साधी अपेक्षा आहे हो. कोरलसाठी, म्हणजे प्रवाळासाठी, मी घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये जे ओततोय, ते नक्की काय आणि किती आहे हे मला कळायला नको?

ट्रेस एलिमेंट्सची, म्हणजे अगदी कणभर लागणाऱ्या घटकांची, ही बाटली घ्या. पुढे अ‍ॅक्रोपोरा या फांद्याफांद्यांच्या कोरलचा झगमगता जांभळा फोटो. मागे बारीक अक्षरांत 'आयोडीन, स्ट्रॉन्शियम, लोह, मँगनीज व इतर आवश्यक घटक'. किती प्रमाणात? लिहिलेलं नाही. इतर म्हणजे कोणते? तेही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! 'दर आठवड्याला १०० लिटरला ५ मिली' हे मात्र ठळक. कोणाच्या टँकला? माझा एसपीएसने (अ‍ॅक्रोपोरासारख्या कडक सांगाड्याच्या कोरलने) गच्च भरलेला, दुसऱ्याच्या टँकमध्ये चार मशरूम आणि एक झोआ, म्हणजे बिनसांगाड्याची मऊ कोरल. दोघांचा खप सारखाच?

आणि हे घटक म्हणजे काही कॅल्शियम नव्हे. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास, थोडं इकडेतिकडे झालं तर कोरल सांभाळून घेतं. आयोडीन किती? ०.०६ मिलिग्रॅम. म्हणजे ३०० लिटर पाण्यात सगळं मिळून १८ मिलिग्रॅम. पाच टक्क्यांच्या लुगॉलचे (आयोडीनच्या द्रावणाचे) तीन थेंब पडले की तेवढं आयोडीन झालं! तीन थेंब! आणि इथे झाकणं भरभरून ओतायला सांगतात. घरच्या किटवर अल्कलिनिटी (पाण्यातला क्षारपणा, कोरलला सांगाडा बांधायला लागतो तो) पाच मिनिटांत कळते, पण लोह-मँगनीजच्या एवढ्याशा मात्रा कळत नाहीत, त्यासाठी नमुना लॅबला पाठवून आयसीपी (पाण्यातले घटक मोजणारी चाचणी) करावी लागते. तोवर सगळं अंदाजपंचे.

माझं काय झालं ते ऐका. हॅमर कोरल मिटून बसलं. ज्याला विचारावं तो एकच सांगे, 'ट्रेस कमी पडत असतील, डोस वाढव.' वाढवला. (मीही शहाणाच. आधी अल्कलिनिटी तपासावी एवढं सुचलं नाही.) दोन आठवड्यांत अ‍ॅक्रोपोराची टोकं जळाल्यासारखी पांढरी, मग बुडापासून मांस सुटायला लागलं. तेव्हा कुठे आयसीपी केली. आयोडीन तिप्पट! आणि घरच्या किटवर पाहिलं तर अल्कलिनिटी आठवरून सहावर घसरलेली. हॅमरचं दुखणं बहुधा तेच होतं, आणि मी भलतंच औषध पाजत होतो.

ज्याने बाटली विकली त्याला सांगितलं तर म्हणतो, 'कार्बन (पाणी गाळायचा कोळसा) टाका, तो आयोडीन ओढून घेईल.' मग आयोडीन कमी पडलं की? 'मग पुन्हा डोस सुरू करा.' वा! कार्बन तुमचा, बाटलीही तुमचीच, टँक तेवढा माझा.

वर चांगल्या सॉल्ट मिक्समध्ये (टँकचं खारं पाणी बनवायच्या मिठात) हे घटक आधीच घातलेले असतात. मोजके कोरल असतील तर नियमित वॉटर चेंजवर बहुतेकांचं भागतं. पण हे बाटलीवर कोण छापणार?

कंपनीला मेल करून प्रमाण विचारलं. उत्तर आलं, 'फॉर्म्युला गोपनीय आहे', आणि सोबत तोच डोसचा तक्ता, रंगीत. बाटली अजून पाऊण भरलेली आहे. कोणाला फुकट द्यावी तर त्याच्या कोरलचा तळतळाट लागायचा, आणि मोरीत ओतायचाही धीर होत नाही. आत काय आहे कोणाला ठाऊक!