फार्मसी म्हणजे 'मेडिकलवर बसायची डिग्री'? नाही हो मामा

बारावीचा निकाल लागला की तो मेसेज फिरायला लागतोच, यंदा आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनीच टाकला. म्हणे फार्मसी कॉलेजं म्हणजे एमबीबीएस हुकलेल्यांची सोय, त्यात शिकण्यासारखं काय, चार वर्षं शिकून शेवटी मेडिकलमध्ये स्ट्रिपा कापायच्या नाहीतर लायसन भाड्याने द्यायचं, आणि भिंतीवर जे मिशन-व्हॅल्यूज लिहिलेलं असतं ते सगळं रंगकाम. मी बी.फार्म. केलंय, हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी ते 'सोय'. आपल्याकडे युनिव्हर्सिटीत फार्मसी सुरू झाली ती बनारस हिंदू विद्यापीठात, 1932 साली, आणि कशासाठी ते बघा. तेव्हा बाजारात भेसळीची औषधं सर्रास विकली जात होती, क्विनाइनसुद्धा धड मिळेल याची खात्री नाही, म्हणून सरकारने कर्नल चोप्रांची कमिटी नेमली आणि तिने 1931 मध्ये सांगितलं की औषधांवर कायदा हवा आणि औषधं जाणणारी शिकलेली माणसंही हवीत. अमेरिकेत शिकून आलेल्या महादेव लाल श्रॉफांनी मालवीयजींच्या विद्यापीठात हा विषय उभा केला, 1937 पासून तिथे बी.फार्म. सुरू झालं, आणि फार्मसीचा कायदा आला 1948 मध्ये. म्हणजे कायदा यायच्या अकरा वर्षं आधी डिग्री होती, कुणाचे मार्क कमी पडले म्हणून नाही, औषधं जाणणारी माणसं हवी होती म्हणून. (आपल्या शेजारच्या गोव्यात तर पोर्तुगीजांनी 1842 मध्ये मेडिकल स्कूल काढलं तेव्हापासून फार्मसी शिकवतायत.)

आता 'त्यात शिकण्यासारखं काय'. मामा, 1986 चं जे.जे. हॉस्पिटल आठवतं का तुम्हाला? पेशंटना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, किडन्या निकामी होऊन 14 जण गेले, त्याच्या चौकशीला लेंटिन आयोग बसला. दोन्ही रंगहीन, दोन्ही घट्ट, दोन्ही गोड, बघून किंवा चाखून कुणालाच कळणार नाही, ते लॅबमध्ये टेस्ट लावूनच कळतं आणि ती टेस्ट का लावायची, कुठल्या बॅचला लावायची हेच आम्ही शिकतो. अमेरिकेत 1937 मध्ये याच विषाने शंभरावर माणसं गेली होती.

लायसन भाड्याने देणं चालतं, हे मी नाकारत नाही, आणि मला त्याची मनापासून चीड येते. पण 1948 चा कायदा सरळ सांगतो की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणी असलेल्या फार्मासिस्टनेच द्यायचं किंवा त्याच्या नजरेखाली द्यायचं. सर्टिफिकेट भिंतीवर आणि माणूस घरी, हा त्या देणाऱ्या-घेणाऱ्याचा गुन्हा आहे, त्यावरून शिक्षणच फुकट कसं ठरतं? ड्रायव्हिंग लायसन पैसे देऊन काढणारे आहेत म्हणून गाडी शिकूच नये असं कुणी म्हणत नाही.

राहिलं मिशन. 'पेशंट आधी' हे आमच्याही कॉलेजच्या जिन्यात लिहिलं होतं, रोज त्याखालून जायचो, कुणी मान वर करून वाचायचं नाही हे खरंय. त्याचा अर्थ मला काउंटरवर कळला. एक आजी संधिवाताची चिठ्ठी घेऊन आल्या, मेथोट्रेक्सेट, आणि पुढे 'ओडी', म्हणजे रोज एक. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात, रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्त बनायचं थांबतं, माणूस दगावू शकतो. मागे रांग, लोक ओरडतायत, मी डॉक्टरांना फोन लावला, ते लगेच म्हणाले 'अरे चुकलं, वीकली कर'. मग मी पाकिटावर मार्करने मोठ्ठं 'फक्त सोमवार' लिहिलं आणि आजींकडून तीनदा म्हणून घेतलं.

पुढच्या महिन्यात आजी आल्या, तेच पाकीट घडी करून कनवटीला खोचलेलं, अक्षरं पुसट झालेली. म्हणाल्या, "बाई, परत लिहून दे, सोमवार."