नव्वद टक्के प्लँक्टन संपलेलं नाही

‘अटलांटिक महासागरातलं ९० टक्के प्लँक्टन नष्ट झालं. पृथ्वीचा निम्मा प्राणवायू तेच देतं, त्यामुळे काही वर्षांत श्वास घेणं अशक्य होईल. समुद्र कधी कुणी नीट मोजलाच नाही, म्हणून हे आजवर कळलं नाही.’ प्लँक्टन म्हणजे प्लवक, पाण्यात तरंगत वाहणारे, बहुतेक सूक्ष्म जीव. २०२२ मधल्या एका बातमीवरून बनलेला हा मेसेज अजून फिरतोच आहे. आता तो माझ्या शाळकरी भाचीपर्यंत पोचला आणि तिने विचारलं, ‘मग आपली किती वर्षं उरली?’ मुलांना असं घाबरवणाऱ्या मजकुराला उत्तर द्यायलाच हवं.

आधी प्राणवायू. प्रकाशसंश्लेषणातून तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी साधारण निम्मा समुद्रात तयार होतो, इथवर खरं. पण तो जवळजवळ सगळा समुद्रातच खर्च होतो. प्लवक स्वतः श्वसन करतात, त्यांना खाणारे जीव करतात, आणि मेलेलं कुजवणारे जिवाणू उरलेला वापरतात. हवेतला २०.९ टक्क्यांचा साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे. जगातली सगळी झाडं, प्राणी आणि मातीतला सेंद्रिय अंश कुजला तरी त्यातला एक टक्काही संपणार नाही. प्लवक खरोखर घटले तर पहिला फटका माशांच्या अन्नाला आणि समुद्राच्या कार्बन शोषण्याला बसेल. गुदमरून कुणी मरणार नाही. कृपा करून हे वाक्य तरी पुढे पाठवणं थांबवा.

आता ते ९० टक्के. मूळ बातमी एका स्कॉटिश वृत्तपत्राची. आधार काय, तर विषुववृत्तीय अटलांटिकमध्ये १३ नौकांनी घेतलेल्या सुमारे ५०० नोंदी. दर १० लिटर पाण्यात डोळ्यांना दिसणारे पाचेक प्लवक अपेक्षित होते, सरासरी एकही मिळाला नाही, म्हणून ९० टक्के गेले! अशाने प्लवक मोजले जात नाहीत. तिथल्या पाण्यात भरपूर असलेला प्रोक्लोरोकॉकस हा जीव ०.६ मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एका मिलिलिटरमध्ये त्याच्या एक लाखापर्यंत पेशी असू शकतात आणि डोळ्यांना एकही दिसत नाही. दिसण्याइतके मोठे कोपेपॉड, म्हणजे चिमुकले कवचधारी प्लवक, विखुरलेले असतात, थव्याथव्याने आढळतात, आणि त्यांतले बरेच दिवसा शेकडो मीटर खोल उतरतात. भर दुपारी पृष्ठभागावरचं १० लिटर पाणी घेतलं तर ते हाती लागायचे कसे? शिवाय घट सांगायची तर त्याच जागी, त्याच ऋतूत, त्याच पद्धतीने घेतलेला जुना आकडा लागतो. तो इथे नाहीच.

असे जुने आकडे ज्याच्याकडे आहेत तो कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर हा सर्वेक्षण-प्रकल्प १९३१ पासून चालू आहे. त्यातलं यंत्र ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांचं. मालवाहू जहाजामागे सुमारे ७ मीटर खोलीवर ते ओढतात. १.२७ सेंटिमीटरच्या चौकोनी तोंडातून पाणी आत येतं आणि २७० मायक्रॉन छिद्रांच्या रेशमी पट्टीतून गाळलं जातं. मागचा पंखा पाण्याच्या प्रवाहाने फिरतो आणि पट्टी पुढे सरकवतो. वर दुसरी पट्टी बसते आणि दोन्हींची गुंडाळी नमुने टिकवणाऱ्या फॉर्मलिनच्या टाकीत जाते. प्रयोगशाळेत पट्टीचे तुकडे करतात. एक तुकडा म्हणजे १० सागरी मैल आणि सुमारे ३ घनमीटर पाणी, म्हणजे त्या १० लिटरच्या तीनशे पट. आधी पट्टीचा हिरवेपणा, म्हणजे वनस्पती-प्लवकांची खूण, चार पायऱ्यांत नोंदवतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली जाती मोजतात. बारीक पेशी जाळीतून निसटतात, हा दोष आहेच. पण जाळी आणि रीत दशकानुदशकं तीच ठेवल्यामुळे दोषही तोच राहतो आणि तुलना टिकते. या नोंदींत उत्तर समुद्र आणि ईशान्य अटलांटिकमध्ये १९८० च्या दशकापासून हिरवेपणा वाढलेला दिसतो. ९० टक्क्यांची पडझड कुठेही नाही.

या सर्वेक्षणाचा भर उत्तरेकडे आहे, मान्य. पण विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला जाणाऱ्या अटलांटिक मेरिडिओनल ट्रान्सेक्ट या संशोधन मोहिमेच्या सफरी १९९५ पासून होत आहेत आणि उपग्रह १९९७ पासून प्लवकांमुळे बदलणारा समुद्राचा रंग सलग मोजत आहेत. एवढी घट त्यांतून सुटली नसती.

‘समुद्र मोजलाच नाही’ यावर फार वेळ घालवायची गरज नाही. जुन्या तापमान-नोंदींत गडबड होती: कॅनव्हासच्या बादलीतलं पाणी बाष्पीभवनाने थंड व्हायचं, इंजिनात घेतलेलं पाणी जरा गरम भरायचं. हा फरक माहीत आहे आणि दुरुस्त केला जातो. आज आर्गो नावाचे सुमारे ४,००० स्वयंचलित तरंगक दर १० दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरून तापमान आणि क्षारता मोजत वर येतात.

समुद्र बदलतोय, एवढं मात्र त्या मेसेजला द्यावं लागेल. उत्तर समुद्रात थंड पाण्यातला कॅलानस फिनमार्किकस हा कोपेपॉड घटला आणि त्याची जागा उबदार पाण्यातल्या कॅलानस हेल्गोलँडिकसने घेतली. ईशान्य अटलांटिकमध्ये उबदार पाण्यातल्या कोपेपॉड जाती सुमारे चार दशकांत १० अक्षांशांहून अधिक उत्तरेला सरकल्या. फिनमार्किकस वसंतात भरपूर असतो, हेल्गोलँडिकस शरद ऋतूत. कॉड माशाच्या पिल्लांना खाद्य लागतं ते वसंतात.