प्रसाद, मोकळीक आणि ‘फतवा’: एका निनावी प्रतिक्रियेला उत्तर

निनावी बंधू,

प्रभूच्या नावात सलाम. शेजारून आलेला प्रसाद ख्रिस्ती माणसाने घ्यावा का, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते बाकीच्या वाचकांसाठी आधी जसंच्या तसं देतो:

“तुमचा लेख म्हणजे फतवा आहे. मूर्ती म्हणजे काहीच नाही असं पौल स्वतः म्हणतो, मग शेजारचा शिरा खाल्ला किंवा सोसायटीच्या महाप्रसादाला बसलो तर बिघडलं काय? कुणाला वाईट वाटेल म्हणून सोडत गेलो तर उद्या बायकोचं मंगळसूत्र, परवा तबला, सगळंच सोडावं लागेल. तुमच्यासारख्या लोकांमुळेच तरुण मंडळीत येत नाहीत. आणि दारूबद्दल मात्र सोयीस्कर मौन!”

फतवा काढणारा, न पाळणाऱ्याचं काय करायचं तेही सांगतो. प्रसाद खाणाऱ्याला प्रभुभोजनाला बसू देऊ नका, त्याचं नाव मंडळीच्या (चर्चच्या) यादीतून काढा, असलं एक अक्षर माझ्या लेखात दाखवा. नाही दाखवता येणार. मुद्दा मांडायला नाव लागत नाही, हे मी मानतो. पण समोरच्याला ‘तुमच्यासारखे लोक’ म्हणायचं आणि स्वतः कोणासारखे आहोत ते झाकून ठेवायचं, हा कसला मोकळेपणा? करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना ज्याने झापलं त्या प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच ओळीत स्वतःचं नाव घातलंय.

एक गोष्ट मात्र मान्य. बाजारातल्या वस्तूंना मी लेखात एकच ओळ दिली होती, आणि तिथे पौल फारच मोकळा आहे. १ करिंथ १०:२५ (म्हणजे करिंथकरांना पहिलं पत्र, अध्याय १०, वचन २५) म्हणतं, मांसबाजारात जे विकतात ते खा, चौकशी करत बसू नका. मिठाईवाल्याच्या गल्ल्यामागे लक्ष्मीचा फोटो आणि उदबत्ती असली म्हणून त्याचे पेढे वर्ज्य होत नाहीत. खाटकाच्या दुकानावर ‘हलाल’ची पाटी असली म्हणून मटण सोडायचं कारण नाही. दिवाळीच्या फराळाच्या डब्यातली चकली आधी देवापुढे ठेवली होती का, हे विचारणं म्हणजे नसती उठाठेव. आता यावर तुम्हाला आणि मला भांडायला काही उरलं नाही.

‘मूर्ती म्हणजे काहीच नाही’ हे त्याच पत्राच्या आठव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात आहे. तुम्ही चौथ्यावर थांबलात. सातवं सांगतं की हे ज्ञान सगळ्यांच्या ठायी नाही. दहावं सांगतं की ज्ञान असलेला तू मूर्तीच्या देवळात जेवायला बसलेला कुणी पाहिला, तर त्याचा विवेक दुबळा असूनही तो तुझं पाहून खायला धजेल. करिंथात अस्क्लेपियस या ग्रीक देवाच्या देवळालगत उत्खननात जेवणाच्या तीन खोल्या सापडल्या, प्रत्येकीत भिंतीलगत रेलून जेवायला अकरा बैठका. इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकसला दुसऱ्या शतकातली पपायरसवरची आमंत्रणं मिळाली आहेत. त्यातलं एक असं, की खैरेमोन तुम्हाला सरापीस प्रभूच्या मेजावर, सरापीसच्या देवळात, उद्या १५ तारखेला नवव्या तासापासून जेवायला बोलावतो. नववा तास म्हणजे दुपारचे साधारण तीन. आपल्याकडे लग्नाची पत्रिका येते तसंच हे. न गेलात तर माणसं तुटणार, गेलात तर मेजाचा यजमान देव. करिंथकरांची अडचण नेमकी ही होती, आणि तुमच्या सोसायटीचीही हीच आहे.

महाप्रसादाचं विचारता म्हणून सांगतो. लिफ्टमधल्या कागदावर ‘स्नेहभोजन’ लिहिलं असेल आणि पंगत क्लबहाऊसमध्ये असेल, तर ते १ करिंथ १०:२७, म्हणजे अविश्वासी माणसाने जेवायला बोलावलं तर जा आणि पुढ्यात येईल ते खा. कागदावर ‘महाप्रसाद’ असेल, पंगत मांडवात असेल आणि पहिलं ताट गणपतीपुढे गेलं असेल, तर ते १०:२८, म्हणजे ‘हा नैवेद्य आहे’ असं कुणी सांगितलं तर खाऊ नका. इथे सांगणारा माणूस शोधायला नको, नोटीसनेच सांगितलंय. तिथे मी बसणार नाही. खुर्च्या लावेन, आवारात गाड्यांची व्यवस्था बघेन, रक्तदान शिबिराला वर्गणी देईन. गावाकडे यात्रेत म्हसोबाच्या नावाने बोकड पडतो आणि दुपारी पंगत उठते, तिथेही हाच हिशेब.

आता तुमचं तिसरं वाक्य. बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी चालेल, पण ‘कुणाला वाईट वाटेल म्हणून’ हे सोडणार नाही. पौलाच्याच ‘रोमकरांस’ पत्राचा १४ वा अध्याय बायबल वर्गात शिकवता शिकवता माझे केस पिकले. त्या अध्यायावर मला कुणी फुकटचा धडा देऊ नये, निनावी माणसाने तर नाहीच.

कुणाला वाईट वाटेल म्हणून सोडा, असं पौल कुठेच म्हणत नाही. मीही म्हटलं नव्हतं. तुम्ही ते माझ्या तोंडी घातलंत आणि मग त्याच्यावरच तुटून पडलात. पौलाच्या मनातला दुर्बळ बंधू हा रागावणारा माणूस नाही, तो पडणारा माणूस आहे. रोमकरांस १४:२३ बघा. जो संशय असताना खातो तो दोषी ठरतो, कारण त्याचं खाणं विश्वासातून आलेलं नसतं. म्हणजे दुर्बळ कोण? ज्याला मनातून अजून वाटतं की म्हसोबाला न मानलं तर पोर आजारी पडेल, पण तुम्ही निर्धास्त खाताना बघून तो म्हणतो, ‘हे एवढे जुने ख्रिस्ती खातात तर मीही खातो.’ त्या घासाबरोबर तो त्याच्या समजुतीप्रमाणे पुन्हा म्हसोबाच्याच पायाशी जातो. तुमच्यासाठी तो मटणाचा तुकडा. त्याच्यासाठी परतीची वाट.

म्हणून तपासायचं कसं, तेही लिहितो, म्हणजे पुन्हा फतव्याचा आळ नको. समोरचा माणूस या देवकार्यातून नुकता बाहेर आलाय का? तुमचं बघून तो तसंच करण्याची शक्यता आहे का? आणि तसं करताना त्याचं मन त्याला खाणार आहे का? तिन्हींना ‘हो’ असेल तर ताट बाजूला सारा, निदान त्याच्यासमोर आणि तेवढ्यापुरतं. एकालाही ‘नाही’ असेल तर तो दुर्बळ नाही. बाकावर पुढे बसून ‘आमच्या वेळी असलं नव्हतं’ म्हणणारे ज्येष्ठ प्रसादाला हातही लावणार नाहीत, तुमचं बघून तर मुळीच नाही. ते अडखळत नाहीत, ते न्याय करतात. त्यांच्यासाठी १४:३ चा दुसरा अर्धा भाग आहे: न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. पहिला अर्धा भाग तुमच्यासाठी: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये. तुमच्या प्रतिक्रियेचा सूर बघता तो तुम्ही पुन्हा वाचावा.

आणि मोकळीक आपणहून आवरणारा माणूस घाबरट असतो असं तुम्हाला वाटतं, हे तुम्ही न लिहिताही दिसतंय. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि नंतरही त्या शाकाहारीच राहिल्या. मिशनच्या लोकांशी खटके उडाले तरी हटल्या नाहीत. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा तिथल्या विधवांना आपापले सोवळ्याचे, जेवणाचे नियम पाळायची मुभा दिली. नियमांतून स्वतः मोकळी झालेली बाई दुसरीवर मोकळीक लादत नाही. त्यांना दुर्बळ म्हणून दाखवा, मग आपण पुढे बोलू.

मंगळसूत्र. इथे तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध साक्ष आणलीत. पौलाने तीमथ्य या आपल्या सहकाऱ्याची सुंता करवली (प्रेषितांची कृत्ये १६:३) आणि तीत या दुसऱ्याची होऊ दिली नाही (गलतीकरांस पत्र २:३). कृती एकच, निर्णय उलटे. तीमथ्याची आई यहुदी होती, त्या भागातल्या यहुद्यांमध्ये काम करायचं होतं आणि तारण, म्हणजे मुक्ती, सुंतेवर आहे असं तिथे कुणी म्हणत नव्हतं. तीताच्या वेळी खोटे बंधू नेमकं तेच म्हणत होते, तेव्हा पौल घटकाभरही नमला नाही. तर मग, वहिनींच्या गळ्यातलं काळ्या मण्यांचं मंगळसूत्र, पदकाच्या जागी क्रूस असो वा नसो, बघून कुणी म्हणालं की हे काढल्याशिवाय तुझं तारण नाही, तर ते मुळीच काढू नये. त्या दिवशी ते घालणं हीच गलतीकरांस ५:१ मधल्या मोकळिकीची राखण. पण उद्या गावातल्या एखाद्या नव्या विश्वासणाऱ्या बाईने विचारलं, ‘ताई, हे काढलं तर नवऱ्याला काही होईल म्हणून तुम्हीही घालता ना?’ तर त्या बाईशी बसून बोलणं वहिनींना टाळता येणार नाही. लग्नाची खूण आणि देवाची भीती यांत फरक आहे, हे तिला तिथेच कळायला हवं. तबल्याचं तर सोडूनच द्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं तुमच्या मंडळीत काय पियानोवर म्हणतात?

राहिला शिरा. हा भाग व्यवहाराचा आहे आणि लोक चुकतात ते इथेच. दारावरची बेल वाजते, शेजारच्या काकू वाटी घेऊन उभ्या. ‘शिरा केलाय, गरम आहे’ एवढंच म्हणाल्या तर वाटी घ्या, खा, आभार माना. वर तुळशीचं पान आहे का, केळं घातलंय का, हे उकरून बघू नका. ‘चौकशी करू नका’ याचा अर्थ तोच. ‘सत्यनारायणाचा प्रसाद आहे’ म्हणाल्या तर दारातच सांगा, ‘काकू, आठवणीने आणलंत, बरं वाटलं. आम्ही प्रसाद घेत नाही, पण तुमच्या हातचं दुसरं काहीही मागून खाईन.’ बस, दोन वाक्यं. दहा आज्ञा म्हणून दाखवू नका, त्या परीक्षा घ्यायला आलेल्या नाहीत. मग आठवड्याभरात तुमच्याकडून काहीतरी त्यांच्याकडे जाऊ द्या. नाताळात करंज्यांचा डबा तर गेलाच पाहिजे, आणि त्यांनी तो नाकारला तर तोंड वाकडं करायचं नाही.

चुका कुठल्या? हसून वाटी घ्यायची आणि शिरा ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकायचा. सकाळी बादली दाराबाहेर जाते, काकूंना तूप सुटलेला शिरा झाकणाखालून दिसतो आणि वर्षानुवर्षांची ओळख आटोपते. खोटेपणा आणि अपमान दोन्ही एका वाटीत. दुसरी चूक, घरकामाच्या मावशींना देऊन मोकळं व्हायचं. मावशी हिंदू असतील तर एकवेळ चालेल, निदान सांगून द्या. पण त्या आपल्याच मंडळीत नव्याने आल्या असतील, तर १ करिंथ ८:१० मध्ये पौल ज्याला झापतो तो माणूस तुम्हीच. स्वतःचा विवेक जपला आणि त्यांचा खर्ची घातला. तिसरी चूक मुलांच्या बाबतीत होते. मुलाच्या हातावर मित्राच्या आईने खडीसाखर ठेवली, ती तोंडात गेली, आणि घरी आल्यावर आरडाओरडा. आधी सांगून ठेवा, जमलं तर ‘नको काकू’ म्हणायला शिकवा, आणि गिळलं असेल तर विषय तिथेच संपवा. अन्न आपल्याला देवाजवळ नेत नाही की दूर करत नाही, हे ८:८ मुलालाही लागू आहे.

तरुण मंडळीत माझ्यामुळे येत नाहीत म्हणता. माझा ब्लॉग इतका वाचला जातो हे ऐकून बरं वाटलं.

दारूवर मौन वगैरे काही नाही. लेख प्रसादावर होता. रोमकरांस १४:२१ मध्ये मांसाबरोबर द्राक्षारसही आहे, वरचे तीन प्रश्न तिथेही तसेच चालतात. घरात दारू सोडलेला कुणी असेल तर त्याच्यासमोर पेला काढू नका, मग तुम्हाला एका पेल्याने काही होवो न होवो. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलंय, हे वचन लग्नाच्या पार्टीत कुणाला आठवतं ते मला पक्कं ठाऊक आहे.

प्रतिक्रिया काढून टाकणार नाही, आहे तशी राहील. उत्तर द्यायचं असेल तर १ करिंथ ८:७ ते १३ समोर ठेवून द्या. आणि खाली नाव घाला.