गारव्याची बाजू

नमस्कार,

उन्हाळ्यातल्या लहानसहान सुखांवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: बाहेर माणसं उष्माघाताने मरताहेत आणि हा लेखक पाण्याचा घोट, झाडाची सावली आणि दुपारची डुलकी यांवर रकानेच्या रकाने भरतोय. हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. उकाडा सोसत नसेल तर एसी घ्यावा आणि विषय संपवावा. आणि सगळ्यात शेवटी, ‘डासांबद्दल एक ओळसुद्धा नाही!’ हा शेवटचा आरोप मला मनापासून आवडला. त्याच्याकडे सगळ्यात शेवटीच येतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी उन्हाळ्याची बाजू घेतलेलीच नाही. माझ्या लेखात ऊन कुठेही छान नाही. छान आहे ते उन्हातून सुटणं. तुम्हाला हा शब्दच्छल वाटेल, पण माझा सगळा लेख या फरकावरच उभा आहे, आणि त्यासाठी मला पुरावाही देता येतो.

मिशेल काबानाक या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९७१ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यामागचे प्रयोग अगदी साधे होते. माणसाला पाण्याच्या टबात बसवायचं, कधी गरम पाण्याच्या, कधी गार. मग त्याचा हात वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात बुडवायला लावायचा आणि विचारायचं, बरं वाटतंय की नाही? अंग तापलेलं असताना गार पाणी सुखाचं वाटायचं. अंग गारठलेलं असताना तेच पाणी नकोसं व्हायचं. म्हणजे सुख पाण्यात नव्हतं. शरीराला त्या घटकेला कशाची गरज आहे यावर ते ठरत होतं. शरीर फायद्याच्या गोष्टीला ‘वा!’ म्हणतं आणि तोट्याच्या गोष्टीला नाक मुरडतं, असा काबानाकचा निष्कर्ष. मला तो फार पटतो, कारण त्यामुळे माझ्यासारख्या आळशी माणसाच्या ‘वा!’लाही थोडी वैज्ञानिक प्रतिष्ठा मिळते.

तर तुम्ही म्हणता की मी उकाड्याकडे डोळेझाक केली. पण गार पाण्याचं सुख आणि उकाडा यांची ताटातूट करताच येत नाही. उकाडा जितका खरा, तितका तो घोट खरा.

म्हणूनच एसीचा तुमचा तोडगा मला पुरता मान्य नाही. एसीला माझा विरोध नाही. परवडत असेल तर जरूर घ्यावा, आणि घरात म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर आधी घ्यावा. पण त्याने विषय संपत नाही. उन्हातून आत आल्यावर पहिली दोन मिनिटं स्वर्ग. पंधराव्या मिनिटाला ती नुसती एक खोली असते. तासाभराने आपण चादर शोधत असतो, आणि तापमान किती ठेवायचं यावरून घरात दोन पक्ष पडलेले असतात. शरीराला आकड्यापेक्षा बदल जास्त कळतो, आणि जिथे बदलच नाही तिथे बिचाऱ्याने कशाला ‘वा!’ म्हणायचं? शिवाय हे यंत्र मुळात माणसांसाठी जन्मलेलंच नाही. १९०२ साली विलिस कॅरियरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी ते आखलं. दमट हवेत कागद फुगायचा, आकसायचा, आणि रंगीत छपाईचे एकावर एक पडणारे ठसे सरकायचे. खोली एकाच तालात ठेवण्याची गरज कागदाची होती. त्याला घाम येत नाही आणि तहानही लागत नाही.

आता सावली. तुमच्या प्रतिक्रियेत ‘झाडाची सावली’ हे शब्द अवतरणचिन्हांत होते, जणू मी गुलाबाच्या पाकळ्यांवर काही लिहिलंय. सावली हा नाजूक विषय नाही हो. बातम्यांत ४२ अंश असा आकडा येतो तो सावलीतला असतो, हे आपण सहज विसरतो. तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, हवा खेळेल पण ऊन शिरणार नाही अशा तिरप्या पट्ट्यांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. ती पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याची कल्पना, ज्याचा मुख्य उद्योग दीपगृहं बांधण्याचा होता. (उजेड लांबवर पोचवणाऱ्या माणसानेच उजेड अडवणारी पेटी काढावी, याची मला उगीच मौज वाटते.) तेव्हा बातमीतले ४२ अंश हे पेटीतल्या तापमापकाचं सुख आहे. बाहेर उभ्या माणसावर निरभ्र दुपारी दर चौरस मीटरला हजार वॉटच्या आसपास ऊन थेट पडत असतं, आणि ते कुठल्याच बातमीत येत नाही. सावलीत पाऊल टाकलं की हवेचं तापमान फारसं बदलत नाही. हा मारा थांबतो. एवढंच होतं, पण तेवढ्याने जीव वाचतो.

सावली सावलीतही फरक असतो. पत्र्याखाली उभं राहिलं की ऊन लागत नाही, पण पत्रा स्वतः तापून खाली उष्णता फेकत राहतो. झाडाचं पान मात्र पाणी वाफेच्या रूपात सोडत असतं, त्यामुळे ते पत्र्याइतकं तापतच नाही. दोन्हीकडची सावली फोटोत सारखीच काळी दिसते. डोकं जवळ नेलं की कळतं.

इथे तुमच्या सगळ्यात टोकदार मुद्द्याकडे वळतो. ‘उन्हात राबणाऱ्यांना विचारा तुमची सुखं.’ विचारायला हरकत नाही, पण उत्तर तुम्ही गृहीत धरलंय तसं येईल असं मला वाटत नाही. डोक्यावरचं ओझं उतरवून झाडाखाली बसलेल्या माणसाला सावलीचं सुख कळत नाही, ते फक्त लेखकांना कळतं, असं मानणं मला त्या माणसाचा अपमान वाटतो. दिवसभर गार खोलीत बसलेल्याला पाण्याच्या पेल्यावर तितका हक्क सांगताच येणार नाही. ही सुखं पोट भरलेल्यांची असती तर महाग असती. त्यांना फार तर एक बादली लागते, एक झाड लागतं आणि थोडा वेळ लागतो. अडचण अशी की झाड तोडलेलं असतं, बादलीपर्यंत पाणी पोचलेलं नसतं आणि वेळ दुसऱ्याच्या ताब्यात असतो. तुमचा राग तिथे असेल, तर मी तुमच्याच बाकावर बसलोय. पण त्या रागाचं उत्तर ‘सावलीवर लिहू नका’ हे नव्हे. सावलीवर आणखी लिहायला हवं.

पाण्याच्या घोटावर मी एवढं का रेंगाळलो, तेही विचारलंत. कारण ती विलक्षण घटना आहे. प्यायलेलं पाणी रक्तात मिसळून काही फरक पडायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. तहान मात्र पेला रिकामा व्हायच्या आतच शमायला लागते. तोंड आणि घसा मेंदूला आगाऊ निरोप धाडतात की माल निघालाय, आणि मेंदू पावती न बघता विश्वास ठेवतो. इतका भाबडा व्यवहार शरीरात दुसरीकडे कुठे चालत असेल असं वाटत नाही.

पाय गार पाण्यात सोडून बसण्याला तुम्ही ‘चैन’ म्हणालात. तळवे, तळहात आणि चेहऱ्याचे काही भाग इथल्या त्वचेखाली रक्तवाहिन्यांचे खास आडमार्ग असतात. अंग तापलं की ते उघडतात आणि भरपूर रक्त त्वचेजवळून फिरवून उष्णता बाहेर टाकतात. आग विझवणारे जवान कामाच्या मधल्या विश्रांतीत हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवून बसतात ते याच हिशोबाने. त्यांना चैन करता म्हणून कोणी बोलत नाही. बादलीत पाय घालून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जरा जास्त समाधान दिसतं, एवढाच त्याचा गुन्हा.

दुपारच्या डुलकीचा मुद्दा मी फार ताणत नाही. जेवण झालेलं नसलं तरी दुपारी माणसाची तरतरी उतरते. शरीराच्या घड्याळातच तो उतार आहे. बाकी ज्याला झोप येते त्याला पुरावा लागत नाही, आणि ज्याला येत नाही त्याला तो पटत नाही.

या सगळ्या सुखांना हद्द आहे, हे मात्र तुमच्या प्रतिक्रियेमुळे ठळकपणे लिहायची संधी मिळाली. मातीच्या माठातलं पाणी, पंख्याचा वारा, ओलं फडकं, अंगावरचा घाम, सगळ्यांची युक्ती एकच: पाण्याची वाफ व्हायला हवी. एक ग्रॅम घाम उडून जाताना साधारण २,४०० जूल उष्णता घेऊन जातो. पंखा खोली गार करत नाही, उलट त्याची मोटर तिला किंचित तापवते. तो फक्त घाम उडायला मदत करतो. हवाच दमट असेल तर ही युक्ती लंगडी पडते. आणि हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंग गार करण्याऐवजी तापवू लागतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जे तापमान दाखवतो ते ३५ अंशांवर गेलं की निरोगी माणूसही सावलीत नुसता बसून फार तास तग धरू शकणार नाही, असं गणित २०१० साली मांडलं गेलं. नंतर तरुण, धडधाकट माणसांवर प्रयोग झाले तेव्हा ही मर्यादा त्याहूनही बरीच खाली निघाली. तिथे घोट, सावली, बादली कशानेच भागत नाही. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपू लागली, तर त्या माणसाला ताबडतोब गार करत दवाखान्यात न्यायचं; त्याला ‘जरा पड’ म्हणायचं नाही. मी ज्या उन्हाळ्यावर लिहिलं तो या रेषेच्या अलीकडचा आहे. तिथे ‘वा!’ अजून शक्य आहे. त्या ‘वा!’वर लिहिणाऱ्याला पलीकडचं दिसत नाही, असा अर्थ तुम्ही काढलात. माझ्या मते ज्याला गारव्याची किंमत कळते, त्यालाच तो कुठे संपतो ते आधी कळतं.

राहता राहिले डास.

ते लेखात नव्हते, हे खरं. सुखांच्या यादीत त्यांना कुठे बसवायचं ते सुचेना. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत ते येतात, जवळ आल्यावर अंगाची ऊब आणि त्वचेचा वास त्यांना नेमका पत्ता सांगतो. ज्या घामाची मी वर एवढी वकिली केली, तोच इथे फितूर होतो. पंख्याच्या झोतात त्यांना नीट उडता येत नाही, एवढाच काय तो दिलासा. त्यांच्यावर प्रेमाने ललित लिहिणारं कुणी सापडलं, तर कळवा. तिथे आपण दोघं मिळून प्रतिक्रिया लिहू.