मामांच्या सीडी भंगारात का जाऊ दिल्या नाहीत

वास्कोहून मामींचा फोन आला. "तुझ्या मामांनी सगळ्या सीडी पोत्यात भरल्यात. चवथीआधी हॉल रिकामा करायचाय म्हणे. उद्या भंगारवाला येतोय." बोटीवर नोकरीला असताना एकेका बंदरात, घरी पाठवायच्या पैशांतून थोडे वाचवून मामांनी त्या सीडी घेतल्या होत्या. मी पिंक फ्लॉइड हा रॉक बँड पहिल्यांदा ऐकला ते त्याच हॉलमध्ये, सिंगापूरहून आणलेल्या त्यांच्या ॲम्प्लिफायरवर. संध्याकाळी तडक वास्कोतल्या बायण्याला, मामांकडे गेलो.

कारण निघालं एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड: 'घरच्या स्टिरिओवर रॉक ऐकण्याची पाच सत्यं'. मलाही तो तीन ग्रुपांवर आला होता. त्यात म्हटलंय: जुन्या सीडी टाकून द्या, नवी रिमास्टर आवृत्ती, म्हणजे त्याच रेकॉर्डिंगवर पुन्हा हात फिरवून काढलेली, नेहमीच सरस. खरा आवाज फक्त जुन्या तबकडीच्या रेकॉर्डवर, कारण तिला डिजिटलचा स्पर्श नसतो. हाय-रेझ, म्हणजे जास्त बारकाव्याने साठवलेली, फाइल सीडीपेक्षा चांगली आहे हे कोणालाही लगेच ऐकू येतं. महागड्या वायरींशिवाय स्पीकर खुलत नाहीत. आणि स्पीकरमधून घूं आवाज येत असेल तर ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका.

शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात माणूस जाऊ शकतो. मामांनी पक्कड काढून टेबलावर ठेवली होती! अहो, ती जाड पिन शोभेला नसते. ॲम्प्लिफायरच्या आत एखाद्या वायरीचं आवरण झिजून ती धातूच्या पेटीला टेकली, तर अर्थिंगमुळे वीज जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर २३० व्होल्ट त्या पेटीवर वाट बघत राहतात, कोणाचा तरी हात लागेपर्यंत. आणि हे श्रावणात, ओल धरलेल्या लादीवर, अनवाणी. ज्याने हे लिहिलं त्याने ते मागे घ्यावं, आणि ज्यांनी पुढे पाठवलं त्यांनीही.

घूं आवाजाचं कारण पाच मिनिटांत सापडलं. रेकॉर्ड वाजवायच्या टर्नटेबलमधून एक बारीक सुटी वायर निघते, ती ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला घट्ट बसवायची असते. समुद्राच्या हवेने तिच्या टोकावर हिरवा थर चढला होता. प्लग काढले, टोक पॉलिश पेपरने घासलं, स्क्रू आवळला, पुन्हा चालू केलं. आवाज गेला.

आता सीडी. रिमास्टर नेहमीच सरस, हे धादांत खोटं आहे. सीडीवर आवाजाला वरची एक ठरावीक मर्यादा असते. ड्रमचा फटका क्षणभर इतर वाद्यांच्या खूप वर उडतो, आणि त्या उडीतच रॉकचा जीव असतो. नव्वदच्या दशकापासून दुसऱ्यापेक्षा आपलं गाणं जोरात वाजावं म्हणून सगळंच वर उचलायची चढाओढ लागली. वर जागा संपली की त्या उड्या छाटल्या जातात. पहिल्या दहा सेकंदांत ते भारी वाटतं, कारण जोरात वाजणारं आपल्याला चांगलंच वाटतं. अर्ध्या तासात कान थकतात. मेटॅलिका या बँडच्या २००८ सालच्या 'डेथ मॅग्नेटिक'चं प्रकरण आठवा. तीच गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी वाजतात हे चाहत्यांच्या लक्षात आलं आणि दहा हजारांहून जास्त जणांनी अल्बम पुन्हा मिक्स करण्याच्या मागणीवर सह्या केल्या. मास्टरिंग, म्हणजे अल्बमवर शेवटचा हात फिरवण्याचं काम, करणाऱ्या टेड जेन्सन यांनीच कळवलं की गाणी आपल्याकडे आली तेव्हाच ठेचून भरलेली होती.

मामांकडे एका अल्बमच्या दोन प्रती होत्या: ऐंशीच्या दशकातली सीडी आणि नंतरचं रिमास्टर. एकामागून एक लावल्या. रिमास्टर लागताच मामा म्हणाले, "बघ, हीच चांगली." मग गायकाचा आवाज दोन्हींत सारखा येईपर्यंत नॉब फिरवला आणि पुन्हा ऐकवलं. जुन्या सीडीवर स्नेअर या ड्रमचा फटका छातीवर आला. नव्या प्रतीत तोच फटका गिटारच्या मागे दबला होता. मामांनी स्वतः तीनदा बदलून बदलून ऐकलं आणि काही न बोलता पोत्याची गाठ सोडायला घेतली.

एक मात्र कबूल करायला हवं. सुरुवातीच्या काही सीडी मूळ टेपवरून नव्हे, तर रेकॉर्डची तबकडी कोरण्यासाठी तयार केलेल्या टेपवरून, प्रतीच्या प्रतीवरून काढल्या गेल्या. त्या किरट्या वाजतात आणि तिथे चांगलं रिमास्टर खरोखर सुधारणा असतं. म्हणून अल्बमगणिक ऐकून ठरवा. सरसकट पोत्यात भरू नका.

हाय-रेझचं म्हणाल तर ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांचा २००७ सालचा, ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये आलेला प्रयोग पुरेसा आहे. हाय-रेझ डिस्कचा आवाज थेट, आणि तोच सीडीच्या मापाच्या (१६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ) चाळणीतून काढून, कोणता कुठला हे न सांगता लोकांना ऐकवला. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. मात्र त्याच लेखात हेही आहे की त्या डिस्क एकूण छान वाजत होत्या, कारण त्या जास्त काळजीने तयार केल्या होत्या. म्हणजे फॉरवर्डवाल्याला ऐकू आलं ते खरं असेल, पण कारण त्याने चुकीचं लावलं.

रेकॉर्डला डिजिटलचा स्पर्श नसतो? डायर स्ट्रेट्सचा १९८५ चा 'ब्रदर्स इन आर्म्स' मॉन्टसेरात बेटावर डिजिटल टेपवरच रेकॉर्ड झाला. त्याची रेकॉर्ड घ्या की सीडी, उगम डिजिटल. आणि २०२२ मध्ये तर अस्सल ॲनालॉगसाठी, म्हणजे डिजिटल अजिबात न वापरण्यासाठी, नावाजलेल्या मोबाइल फिडेलिटी कंपनीच्या महागड्या रेकॉर्डींतही मध्ये डिजिटल टप्पा असल्याचं उघड झालं, आणि तोवर जाणकार म्हणवणाऱ्यांनाही तो कानाने ओळखता आला नव्हता. मला रेकॉर्डी आवडतात. पण आपल्याकडे पावसात त्यांच्या कव्हरांना बुरशी धरते, आणि ती पुसायला मामांच्या वयात कोणी बसायचं?

वायरींवर वेळ घालवत नाही. चार-पाच मीटरला इलेक्ट्रिकच्या दुकानातली जाड तांब्याची वायर पुरते. लेड झेपेलिनने १९७०-७१ च्या हिवाळ्यात हेडली ग्रेंज या जुन्या घरात जिन्याच्या पायथ्याशी ड्रम मांडले आणि वरून दोन माइक सोडले. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'मधला तो घुमारा त्या जिन्याचा आहे. तो रेकॉर्डिंगमध्ये आहे म्हणून तुमच्या हॉलमध्ये येतो, वायरीमुळे नाही. वायरीचे पैसे वाचवा, स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढा आणि उघड्या लादीवर एक जाड सतरंजी टाका.

आम्ही तेच केलं. मामींनी माळ्यावरची सतरंजी काढून दिली, सीडी पुसून पुन्हा कपाटात लागल्या. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला तेव्हा त्याला रद्दी आणि गंजलेला टेबलफॅन दिला. पक्कड मी येताना घेऊन आलो.